बैलाचे दात पाहता, आपले कधी पाहिले?

(रेडिओवरील शेतकरी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घोडेगावच्या नाहीतर काष्टीच्या बाजारात आपण बैल घ्यायला जातो, तेव्हा पहिलं काम कोणतं करतो? जनावराचं तोंड उघडतो. दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, हे पाहिल्याशिवाय आपण किमतीची गोष्ट काढत नाही. ज्या जनावराचे दात गेले ते वैरण नीट चावणार नाही, चावलं नाही तर अंगाला लागणार नाही, आणि अंगाला लागलं नाही तर औताला चालणार नाही. एवढा हिशेब आपल्याला पक्का ठाऊक असतो.

आता मी एक विचारतो. घरात म्हातारी आई आहे, कारभारीण आहे, शाळेत जाणारी पोरं आहेत. त्यांचं तोंड उजेडात उघडून शेवटचं कधी पाहिलंत? आणि स्वतःचं? बहुतेकांचं उत्तर "कधीच नाही" असं येईल. दाढ ठणकायला लागली, गाल सुजला, रात्रभर झोप नाही, की मग आपण दवाखान्याची वाट धरतो. तोपर्यंत दाढ हातची गेलेली असते.

मी दातांचा डॉक्टर. मागे एक आजी नातीला घेऊन माझ्याकडे आल्या. नात सातवीत शिकणारी. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोरीची दाढ लई ठणकती, काढून टाका एकदाची." पोरीचं तोंड पाहिलं. दाढेत खड्डा होता तो होताच, पण खालच्या ओठाच्या आत हिरडीवर काळपट थर दिसला. मी विचारलं, "बाळ, दात कशानं घासतेस?" पोर गप्प. शेवटी आजीच बोलल्या, "दाढ दुखायची म्हणून मीच दिली हो चिमूटभर मिश्री. तेवढंच बरं वाटायचं. आता सकाळ-संध्याकाळ मागती."

मी आजींना म्हटलं, "आजी, तुम्हीपण या खुर्चीत बसा." त्यांच्या ओठाच्या आत पांढुरका, खरखरीत चट्टा होता. कधीपासून आहे, ते त्यांना सांगता आलं नाही. दुखत नव्हता, म्हणून कधी पाहिलाच नव्हता.

पोरीची दाढ आम्ही भरून वाचवली. आजींना मोठ्या रुग्णालयात पाठवलं, चट्ट्याचा तुकडा तपासला. कर्करोग नव्हता, पण पुढे होऊ शकेल असा तो चट्टा होता. आजींनी डबी चुलीत टाकली. वेळेवर आल्या म्हणून निभावलं. सगळ्यांचं असं निभावत नाही, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मिश्री म्हणजे मंजन नव्हे

आपल्या भागात घरोघरी मिश्री भाजतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि डबीत भरायची. सकाळी उठलं की बोटावर घेऊन हिरडीला चोळायची. दात घासायला म्हणून सुरुवात होते, म्हणून घरातली माणसंही तिला व्यसन म्हणत नाहीत. जो बाप पोराच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली तर कानफटात देईल, तोच बाप पोरीनं मिश्री लावली तर काही बोलत नाही.

पण भाजली तरी ती तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं. त्यानं दुखणारा भाग जरा बधिर होतो आणि बरं वाटतं. बरं वाटतं, दुखणं बरं होत नाही. कीड आतल्या आत वाढतच राहते. चार-सहा महिन्यांत दाढही जाते आणि सवय मात्र जन्माची मागे लागते.

ही गोष्ट आजची नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतवैद्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली होती आणि त्याचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या बायकांत मिश्रीचा वापर किती खोलवर गेला आहे, हे त्यातून दिसलं. पुढे १९९२ साली केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. म्हणजे तंबाखूचं मंजन कारखानदाराला करता येत नाही. पण घरच्या तव्यावर काय भाजलं जातं, ते पाहायला सरकार येणार नाही. ते आपल्यालाच पाहायला हवं.

गरोदर बाईनं तर मिश्रीला हातही लावू नये. मुंबईत गरोदर स्त्रियांची एक पाहणी झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू चघळणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या मातांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं. आधीच अशक्त बाळ, त्यात शंभर ग्रॅम कमी, म्हणजे थोडं झालं का? गाभण गाईची आपण किती काळजी घेतो! सुनेची तेवढी तरी घेऊ या.

कीड लागते म्हणजे काय होतं?

दाताला कीड लागली असं आपण म्हणतो, पण दातात अळी नसते. कोणी धुरी देऊन दाढेतली अळी काढून दाखवली, तर ती अळी दाढेतली नसते हे समजून चाला. होतं ते असं. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते दातावर चिकट थर धरतात. आपण गोड खाल्लं की त्यातली साखर ते खातात आणि आम्ल सोडतात. ते आम्ल दाताचं वरचं कठीण कवच विरघळवतं.

शेताचा बांध कसा फुटतो पाहा. पहिल्या पावसात बोटाएवढी घळ पडते. तेव्हाच दोन पाट्या माती टाकली तर भागतं. नाही टाकली तर पुढच्या पावसात बांधच वाहून जातो. दातावरचा काळा ठिपका ही ती बोटाएवढी घळ. तेव्हा दुखत नाही. तेव्हाच दाखवलं तर थोड्या वेळात, थोड्या खर्चात दाढ भरून मिळते. कीड नसेपर्यंत पोचली की ठणका सुरू होतो आणि खर्चही वाढतो.

ऊस, गूळ आणि चहा

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, आपला जिल्हा उसाचा. १९५० च्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यावर गावंच्या गावं वर आली. आणि तुम्ही साखर खाऊ नका म्हणता?

नाही, मी तसं म्हणत नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली, याला दाताच्या दृष्टीनं जास्त महत्त्व आहे. गोड पोटात गेल्यावर तोंडातलं आम्ल ओसरायला अर्धा तास तरी लागतो. लाळ ते काम करते. जेवणाबरोबर पुरणाची पोळी खाल्ली तर दातावर एकदाच मारा होतो. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत सात-आठ वेळा गोड चहा, मधेच पोरांना गोळ्या-बिस्किटं, असं चाललं तर लाळेला उसंतच मिळत नाही.

गुळाचा चहा चांगला, असं बरेच जण मानतात. जिभेला चांगला लागत असेल, पण गूळ काय, साखर काय, दातावरच्या जंतूंना दोन्ही सारखंच. ऊस चावल्यानं दात घासले जातात हाही समज आहे. चोथ्यानं थोडा थर निघतो, पण रस दातात मुरतो. ऊस जरूर खा, मात्र कोयत्यानं सोलून खा, दातानं सोलू नका. दाताचा टवका उडतो तो असाच. आणि खाऊन झालं की दोन-तीन चुळा भरा.

दात घासायचे कसे?

राखुंडी, कोळसा, विटेची पूड, मीठ-वाळू यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण ते खरवडून पांढरे झालेले असतात. एकदा कवच झिजलं की गार पाणीही सोसत नाही.

बाभळीची किंवा कडुलिंबाची काडी वाईट नाही. मात्र तिचं टोक चावून चांगला मऊ कुंचला करा, हलक्या हातानं वापरा, आणि रोज नवी काडी घ्या. तरीही मी ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट सांगेन, कारण फ्लोराइडनं दाताचं कवच बळकट होतं आणि ते काडीत नसतं. पेस्ट महागाची घ्यायला हवी असं नाही. वेष्टनावर फ्लोराइड लिहिलेलं आहे ना, एवढं शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या.

ब्रश मऊ घ्या. पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरे. ब्रश हिरडीकडे थोडा तिरपा धरा आणि छोटे छोटे हेलकावे द्या. वरचे दात वरून खाली, खालचे दात खालून वर. करवतीसारखा आडवा जोर लावू नका. आतली बाजू आणि शेवटच्या दाढा विसरू नका. दोन मिनिटं लागतात. गाईची धार काढायला याहून जास्त वेळ लागतो. शेवटी जिभेवरून हलकेच ब्रश फिरवा. फेस थुंकून टाका, पण लगेच तांब्याभर पाण्यानं धुऊन टाकू नका, म्हणजे फ्लोराइड थोडा वेळ दातावर राहतं. ब्रशचे केस वाकडे झाले किंवा तीन महिने झाले की नवा घ्या. प्रत्येकाचा ब्रश वेगळा हवा. नवरा-बायकोचासुद्धा.

सकाळी आपण घासतोच. खरी गरज असते ती रात्री. झोपेत लाळ कमी सुटते, आणि जेवणाचे कण रात्रभर दातात राहिले तर जंतूंना सहा-सात तास रान मोकळं. राखणदार झोपल्यावर पिकात जनावर शिरावं तसं. म्हणून रात्री जेवणानंतर घासायचं आणि मग पाण्याशिवाय काही तोंडात घालायचं नाही.

पोरांच्या दाढा आणि उसाची फडं

मुलाला सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात होतात. दात आला की घासायला सुरुवात करा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपवू नका, पुढचे दात किडून काळे पडतात ते त्यानं. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मूल स्वतः नीट घासत नाही, मोठ्यानं हात धरून घासून द्यावं.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे आईबापांना ती दुधाचीच वाटते. "किडली तर किडू दे, पडेल आणि नवी येईल," असं म्हणतात. पण ती कायमची असते. गेली की परत येत नाही. त्या सातवीतल्या पोरीची दाढ तीच होती.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. भांडी, अंथरूण, दाणापाणी गाडीत भरता, त्याच गाठोड्यात प्रत्येक लेकराचा ब्रश आणि एक पेस्ट बांधा. पहाटे फडावर जाताना घाई असते, ते मला ठाऊक आहे. मग निदान रात्रीचं घासणं तरी चुकवू नका. आणि लेकरू रडतं म्हणून हातात गोळ्यांची पुडी देऊ नका, भाकरीचा तुकडा नाहीतर शेंगदाणे द्या.

हिरडीतून रक्त येतं तेव्हा

घासताना रक्त आलं की माणसं घासणं सोडतात. हे उलटं होतं. रक्त येतं ते बहुधा हिरडीशी थर साचल्यामुळे. हा थर कडक झाला की त्याचं कीटण होतं, आणि मग ते ब्रशनं निघत नाही, डॉक्टरकडून काढून घ्यावं लागतं. कीटण काढल्यानं दात हलतात हा गैरसमज आहे. कीटणानंच हाड झिजून दात हललेले असतात, ते काढल्यावर कळतं एवढंच.

गरोदरपणी हिरड्या सुजतात आणि रक्त लवकर येतं. अशा वेळी जास्त जपून, पण रोज घासावं. आणि ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावं. मधुमेहानं हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की रक्तातली साखर आटोक्यात राहायला अडचण येते.

दात दुखला किंवा निखळला तर

दाढ दुखली तर कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा आणि डॉक्टर गाठा. दाढेवर तंबाखू, मिश्री, रॉकेल असलं काही ठेवू नका. डोकेदुखीची गोळी दाढेशी दाबून धरू नका, हिरडी भाजते. गाल सुजून ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर उद्यावर टाकू नका, रात्रीसुद्धा दवाखान्यात जा. बाजारात सतरंजी टाकून दाढा उपटणाऱ्याकडे जाऊ नका. त्याची सांडशी कुणाकुणाच्या तोंडात जाऊन आली, ते कुणाला ठाऊक?

बैलाचं शिंग लागून, पंपाचं हँडल उसळून किंवा पोर झाडावरून पडून आख्खा दात निखळला, तर तो फेकून देऊ नका. मुळाला हात न लावता वरच्या बाजूनं उचला. घासू नका. कपभर थंड दुधात टाका आणि तासाभरात डॉक्टरकडे पोचा. कायमचा दात असेल तर तो पुन्हा बसवता येण्याची आशा असते. दूध काय, शेतकऱ्याच्या घरी असतंच. दुधाचा दात असेल तर तो परत बसवत नाहीत, पण मुलाला दाखवून आणा.

मिश्री सोडायची कशी?

भगिनींनो, "सोडा" म्हणणं सोपं आहे, सोडणं अवघड, हे मी जाणतो. "मिश्री लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही," असं बऱ्याच जणी सांगतात. तंबाखूची सवय झालेल्या शरीराला तसं वाटतं खरं. त्यावर उपाय आहे. उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी प्या, थोडं चाला, जेवणात पालेभाजी आणि भाकरी ठेवा. थोड्या दिवसांत पोटाला वळण लागतं.

एक दिवस ठरवा. त्या दिवशी डबी घरातून बाहेर गेली पाहिजे. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल. घरातल्या माणसांनी तेवढे दिवस समजून घ्यावं, "एवढंसं सोडवत नाही का?" असं टोचून बोलू नये. तल्लफ आली की बडीशेप किंवा भाजलेला ओवा तोंडात टाका, पाणी प्या, पाच मिनिटं दुसऱ्या कामाला लागा. तल्लफ थोड्या वेळात ओसरते. जावा-जावांनी, शेजारणींनी मिळून सोडलं तर जास्त टिकतं. मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन नंबर आहे. त्यावर तंबाखू सोडण्याविषयी सल्ला मिळतो.

आपल्याच जामखेडला १९७० साली डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. फारशी शाळा न शिकलेल्या बायकांनी गावाचं आरोग्य सुधारून दाखवलं. ज्या जिल्ह्यात हे घडलं, त्या जिल्ह्यातल्या बायकांना मिश्रीची डबी हटवणं जमणार नाही, असं मला वाटत नाही.

महिन्यातून एकदा तोंड पाहा

शेवटी पुन्हा बाजारातल्या बैलाकडे येऊ. महिन्यातून एक दिवस ठरवा, बाजाराचा दिवस असला तरी चालेल. आरसा घेऊन उन्हात बसा. ओठ बाहेर ओढून आत पाहा, गाल आतून पाहा, जीभ उचलून खाली पाहा. म्हाताऱ्या माणसांचं तोंड सुनेनं-मुलानं पाहावं. तीन बोटं उभी तोंडात जातात का, तेही बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, गाठ, तोंड कमी उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुखत नाही म्हणून थांबू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाही. लवकर सापडला तर बरा होऊ शकतो.

दाखवायचं कुठं? बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात, जिल्हा रुग्णालयातही असतात. लोणीला प्रवरेचं ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. वाट माहीत नसेल तर गावच्या आशाताईंना विचारा.

ध्यानात ठेवायच्या गोष्टी

१. सकाळी आणि रात्री, दोन वेळा दोन-दोन मिनिटं दात घासा. रात्रीची वेळ चुकवू नका.

२. मिश्री ही तंबाखू आहे. ती मंजन नाही आणि औषधही नाही. लेकरांना कधीही देऊ नका.

३. गोड खायचं तर जेवणाबरोबर खा. दिवसभर थोडं थोडं नको.

४. सहाव्या वर्षी येणारी दाढ कायमची असते. तिला जपा.

५. निखळलेला दात दुधात ठेवा आणि तासाभरात डॉक्टर गाठा.

६. पंधरा दिवसांत बरी न होणारी तोंडातली जखम किंवा चट्टा लगेच दाखवा.

७. दुखत नसलं तरी वर्षातून एकदा दात तपासून घ्या.

मंडळी, आज रात्री जेवण झालं की कंदील नाहीतर दिवा जवळ घ्या आणि घरातल्या एकेकाला "आ कर" म्हणा. हसतील, हसू द्या. पण बघा. बाजारात बैल वाईट निघाला तर दुसरा घेता येतो. माणसाच्या तोंडातली कायमची दाढ एकदाच येते.

राम राम.